दांड्याचं लुगडं

ठोक्या मास्तर जिवंत आहेत का मेले, मला माहीत नाही. असले तर माझ्याहून म्हातारे असतील. माझी बायको कौसल्या मागच्या पोळ्याच्या आधी गेली. तेरवी झाल्यावर सुनांनी तिची भांडी काढली आणि वाटून घेतली.  स्टीलची भांडी आल्यापासून फळीवर नुसता पडून असलेला पाणी भरायचा पितळी गुंड तेवढा कोणालाच नको होता. जड म्हणून. तो मी माझ्या खाटेपाशी आणला. आत हात घातला तर तळाशी फडक्यात बांधलेली एक लाकडी हातोडी निघाली, लहान, खेळण्यातल्यासारखी. मास्तरांची.

मी रिकाम्या गुंडावर हातोडी मारली. टणकन वाजला. अर्धा भरला आणि मारली. आवाज खाली बसला, जसा माणूस ओझं घेऊन खाली बसते. हे मला मास्तरांनीच दाखवलं होतं, याच गुंडावर. तेव्हा कौसल्या चुलीपाशी होती आणि म्हणाली होती, मास्तर, माझ्या गुंडाले पोचा नका पाडू. म्हणून हे लिहून राहिलो. माझं शिक्षण चौथीपर्यंत. चुकलं तर चुकलं.

त्यांचं नाव मेश्राम. नागपूरच्या एका कॉलेजात शिकवायचे. काय शिकवता म्हणून मी एकदा विचारलं तर म्हणाले, पाण्यात उभ्या असलेल्या वस्तू कशा थरथरतात ते. मला वाटलं थट्टा करून राहिले. थट्टा नव्हती. त्या माणसाला थट्टा येतच नव्हती. उंच, थोडा वाकलेला, उजवा कान पुढे काढून चालायचा, कोणी हळूच हाक मारून राहिलं असल्यासारखा. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी ती हातोडी. जे दिसेल ते ठोकायचे आणि कान लावायचे. तलावाच्या पाळीचे दगड, बसचा पत्रा, टरबूज, माझ्या खाटेचा पाय. गावातल्या लोकांनी म्हणून ठोक्या मास्तर नाव पाडलं. त्यांना ते माहीत होतं. वाईट वाटून घेत नव्हते.

मोहगावकडच्या एका पाटलाकडे मी त्यांच्यासोबत गेलो होतो, टाकं पाहायला. बैठकीत चहा आला. सगळ्यांना एकसारखे कप, मास्तरांना वेगळा, कोनाड्यातून काढलेला. मास्तर बौद्ध होते आणि ते कोनाड्यातले कप कशासाठी असतात हे तिथं बसलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मास्तरांनी नखाने कपावर टिचकी मारली, मग माझ्या कपावर मारली, आणि पाटलाला म्हणाले, "याले तडा आहे, पाटील. बाकीच्यांले नाही. फुटन एक दिवस, कोणाचा हात भाजन." आणि चहा पिऊन टाकला. पाटील नंतर बराच वेळ टाक्याबद्दलच बोलत राहिला.

त्यांचे वडील कापडाच्या मिलमध्ये होते. मागांच्या आवाजाने त्यांचे कान गेले होते. म्हातारा मग भिंतीला हात लावून सांगायचा की कोणता माग बिघडला. मास्तर म्हणायचे, माझा बाप हातानं ऐकायचा, मी कानानं पाहतो, एवढाच फरक. घरचं यापेक्षा जास्त ते कधी बोलले नाहीत.

आता तलावाचं सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही.

सौंसर आणि पांढुर्ण्याच्या मधल्या भागात आमचा तलाव होता, सरकारी, आणि मी त्याच्या नहरावर कामाला होतो. खाली संत्र्याच्या बागा, कपाशी, आणि नाल्याच्या काठाला एक वस्ती. पाळीपासून, म्हणजे तलावाच्या बांधापासून, थोडं आत, पाण्यात, दगडी बुरूज. बुरुजावर जायला लोखंडी पूल, अरुंद, एका बाजूनेच कठडा. बुरुजावर एक मोठं चाक. चाकाला लोखंडी दांडा, तो बुरुजाच्या बाहेरून सरळ खाली पाण्यात गेलेला, आणि त्याच्या टोकाला दरवाजा. चाक फिरवलं का दांडा वर येते, दरवाजा उघडते, पाणी नहरात जाते. पूर आला का हाच दरवाजा उघडावा लागे, नाहीतर पाणी पाळीवरून वस्तीत.

बुरूज जिथं बांधला तिथं आधी साती आसरांचे, पाण्यातल्या देवींचे, दगड होते. शेंदूर लावलेले सात दगड, नाल्याच्या डोहापाशी. तलाव भरला आणि दगड बुडाले. बायांना ओटी भरायला जागाच राहिली नाही. मग त्यांनी काय केलं, उन्हाळ्यात पाणी आटलं का कोरड्या गाळातून बुरुजापर्यंत जायच्या आणि दांड्यालाच लुगडं नेसवायच्या. नवी सून आली, नेसवलं. लेकरू झालं, नेसवलं. खालून वरपर्यंत वेढे देत देत, हिरवी लुगडी. पाण्यात कुजायची, दुसऱ्या वर्षी त्याच्यावर नवी. नहराच्या ऑफिसवाले पाहायचे आणि सोडून द्यायचे.

मास्तर पहिल्यांदा आले ते जेठाच्या उन्हात. ऐंशीच्या पुढचं साल, सौंसरात टीव्ही यायच्या आधीचं. त्यांना दांड्याचा थरथराट मोजायचा होता, आधी कोरड्यात आणि मग पाण्यात. दांड्यावरची कुजकी लुगडी पाहून म्हणाले, हे काढा, मला उघडं लोखंड पाहिजे, कापडातून खरा आवाज येत नाही. ऑफिसच्या उपयंत्री साहेबालाही तेच पाहिजे होतं. म्हणाला, साफ करवा दो, सब अंधविश्वास है. तेव्हा चाकावर दशरथ होता, माझा मैतर. जड काम असलं का आम्ही दोघं मिळून चाक फिरवायचो, समोरासमोर उभे राहून, आणि तो तिकडून बायकांच्या नकला करायचा. दशरथने इळ्याने लुगडी कापली. कापताना म्हणाला, पाहा गा, आसरेचं वस्त्रहरण करून राहिलो. आम्ही हसलो. मास्तर नाही हसले, ते दांड्याला कान लावून उभे होते. लुगडी पाळीवर जाळली. त्याचा वास दोन दिवस घरात होता.

त्या पावसाळ्यात दांडा गायला लागला.

दुसरा शब्द माझ्यापाशी नाही. दरवाजा थोडा उघडला आणि पाणी जोरात ओढायला लागलं का खालून आवाज यायचा. जात्यावर बसलेली बाई तोंड मिटून गुणगुणते तसा. पुलाच्या लोखंडातून चढायचा, पाळीतून घरात यायचा. आमच्या फळीवरच्या ताटल्या एकमेकींना लागून किणकिण करायच्या. गावातल्या बाया म्हणाल्या, आसरा उघड्या पडल्या, आता बोलावून राहिल्या. एक दिवस मोठा पूर आला. माझी ड्युटी नहरावर होती. दशरथ एकटा पुलावर गेला. पाळीवरच्या लोकांनी पाहिलं, चाक त्याच्या हातात असं हाललं का त्याचे हात सुटले आणि तो कठडा नव्हता त्या बाजूने पाण्यात गेला. नंतर नहराच्या जाळीपाशी सापडला. ऑफिसने म्हटलं पिऊन होता. दशरथ पीत नव्हता. त्याच्या जागी मला लावलं, राहायला पाळीवरचं क्वार्टर दिलं.

मास्तरांना नागपुरात समजलं. ते लगेच आले, पेटी घेऊन, महिनाभराची सुट्टी टाकून. कौसल्याने पाण्याचा ग्लास दिला. त्यांनी सवयीप्रमाणे हातोडी काढली. कौसल्या माझ्यासमोरही कमी बोलणारी बाई. पण त्या दिवशी बोलली.

"ग्लास मंग वाजवा, मास्तर. पहिले एक सांगा. दशरथभाऊजी पडले तिथंच आता हे चढून राहिले. हे पडतीन का नाही?"

मास्तरांनी हातोडी खिशात ठेवली.

"आता नाही सांगता येत, वैनी."

"मंग केव्हा?"

"सांगीन. सांगितल्याशिवाय इथून जाणार नाही."

क्वार्टरच्या मागे ढोरांचं पाणी पिण्याचं टाकं होतं. मास्तरांनी त्यात तलाव केला. विटांचा बुरूज, टिनाचा दरवाजा, सायकलच्या तारेपेक्षा थोडा जाड दांडा, आणि नहरातून रबरी पाइप आणून पाण्याला ओढ. आमची म्हैस दोन दिवस नाराज होती. गावातले लोक पाहायला यायचे, म्हणायचे, मास्तर, याच्यात मासोळ्या केव्हा सोडता.  मास्तर तोंडात शिटी धरल्यासारखे ओठ करून पाण्याकडे पाहत बसायचे.

मला त्यांनी समजावलं होतं, गुंड वाजवून. म्हणाले, सुखदेवभाऊ, तुम्ही कंबरभर पाण्यात चालता तेव्हा एकटे चालता का? तुमच्यासंगं पाणी चालते. लोखंडाचं तसंच. पाण्यात उभी असलेली वस्तू हालली का भोवतालचं पाणी तिच्या अंगाले धरून हालते. म्हणून ती जड होते, हळू होते. पाण्यात कोणाचंच वजन एकट्याचं राहत नाही. हे वाक्य ते वारंवार बोलायचे. जेवताना, दाढी करताना. कौसल्या त्यांच्या मागे त्यांची नक्कल करायची.

आणि दुसरं असं का पाणी दांड्याच्या दोन्ही अंगांनी जाते, एकदा इकडून भोवरा सुटते, एकदा तिकडून. त्या भोवऱ्यांचा ठेका आणि दांड्याचा आपला ठेका जुळला का दांडा नाचायला लागते, मग थांबत नाही. आसरा-बिसरा काही नाही, मास्तर म्हणायचे. लोखंड आणि पाणी, दोघांचं मिळून आहे हे.

टाक्यातला दांडाही गायला लागला. बारीक, मच्छरासारखा, पण तोच सूर. पहिल्यांदा ऐकला तेव्हा म्हैस दावं तोडून पळाली. फळीवरच्या ताटल्या मात्र हालल्या नाहीत, त्या फक्त मोठ्या दांड्यालाच ओळखायच्या. मास्तरांनी दांडा जाड केला, बारीक केला, दरवाजा कमी जास्त उघडला. आवाज वर जायचा, खाली यायचा, जायचा नाही. मास्तर वाळत चालले होते. पावसाची उघाड पडली होती आणि ते रोज आभाळाकडे पाहायचे, मीही पाहायचो. पुन्हा पाऊस लागला का मला चढायचंच होतं.

एक दिवस ते तारेसाठी सौंसरला गेले. परत आले, पाणी सोडलं. टाकं चूप. त्यांना वाटलं पाइप दबला. ओढ वाढवली. चूप. वाकून पाहिलं तर दांड्यावर हिरव्या कापडाची चिंधी, खालून वरपर्यंत तिरपी गुंडाळलेली.

कौसल्या दारात उभी होती. म्हणाली, "मी गुंडाळली. तुमी नाही मानत, मी मानतो. माझा माणूस आहे."

मास्तरांनी चिंधी सोडली. दांडा गायला. गुंडाळली. चूप. पुन्हा सोडली. असं कितीतरी वेळ चाललं. मला वाटलं माणूस खूश होईल, सापडलं म्हणून उड्या मारील. ते ओल्या जमिनीवर खाली बसले.

"वैनी, त्या दांड्यावरची लुगडी अशीच होती? अशीच तिरपी?"

"अशीच. निऱ्या थोडीच घालतीन लोखंडाले."

"तिरपा वेढा असला का भोवरे वर-खाली एका टायमाले सुटत नाहीत," मास्तर म्हणाले. आमच्याशी नाही, पाण्याशी. "ठेका मोडते. इतके वर्ष तो दांडा त्याच्यानं गप होता."  मग म्हणाले, "आन् मी काढाले लावली."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. हातोडी टाक्याच्या काठावर पडून राहिली, तशीच ओली झाली.

सकाळी ते दशरथच्या बायकोकडे गेले. गिरजा तेव्हा लोधीखेड्याला भावाकडे होती. मला सोबत नेलं. मी म्हटलं, मास्तर, कशाले सांगता, तिला काय समजणार, साहेबानंच हुकूम दिला होता. ते म्हणाले, हुकूम त्याचा, तोंड माझं. ओट्यावर बसून त्यांनी तिला सगळं सांगितलं, भोवरे, ठेका, सगळं, शाळेत सांगतात तसं. तिचा भाऊ मध्येच उठला, मला वाटलं मारतो आता. गिरजाने त्याला हाताने बसवलं. तिने मास्तरांना शिव्या दिल्या नाहीत, रडली नाही. विचारलं, तो पिऊन नव्हता ना. मास्तर म्हणाले, नव्हता, मी लिहून देईन. मग ती आत गेली आणि तिचं हिरवं लुगडं आणलं, घडी न मोडलेलं. आता ती ते नेसणार नव्हती.

"तुमीच काढलं, तुमीच नेसवा," ती म्हणाली.

मास्तरांनी सौंसरहून सुताचा दोर आणला होता. दोराचाही वेढा चालला असता, तसं ते स्वतःच म्हणाले होते. पण त्यांनी दोर घरी ठेवला. लुगड्याच्या लांब पट्ट्या फाडल्या, जोडल्या, कमरेला माझा दोर बांधला आणि पाण्यात उतरले. वरचा दांडा वरून झाला. खालच्यासाठी बुडी मारायला लागली. मी पुलावर दोर धरून बसलो. दरवाजा बंद होता, पाणी ताटात ठेवल्यासारखं स्थिर. तरी दोर माझ्या हातात हळू हळू थरथरत होता. मास्तर वर आले का थांबायचा, खाली गेले का सुरू. मी त्यांना ते तेव्हा सांगितलं नाही. माणूस पाण्यात असताना असं काही सांगत नाहीत.

पाळीवर गर्दी जमली होती. कोणी म्हणालं, पंचशील म्हणणारा मास्तर आसरेले नेसवून राहिला, पाहा. कोणी म्हणालं, ओटी राहिली, मास्तर, खण-नारळ आणू का. मास्तर ओलेचिंब वर आले, ओठ निळे पडलेले. म्हणाले, "नेसवून नाही राहिलो. वेढा देऊन राहिलो." आणि पुन्हा खाली गेले.

मग पाऊस लागला. डोंगरातला. दुपारीच आभाळ असं खाली आलं का कौसल्याने चिमणी पेटवली. पाणी पाळीच्या वरच्या दगडांना लागलं. उपयंत्री पाळीवरून हात हलवून ओरडत होता, खोलो, खोलो. कौसल्या दारात उभी राहिली, पण आमच्याकडे पाहत नव्हती. पाठ करून आत, फळीकडे पाहत होती. ताटल्यांकडे.

मास्तर माझ्यासोबत पुलावर आले. मी नको म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. मी चाकापाशी, ते माझ्या मागे, दांड्याला कान आणि दोन्ही हात लावून.

मी चाकाला जोर दिला. एक फेरा. दुसरा. पाणी खाली ओढायला लागलं, बुरूज त्याच्या आवाजाने भरला. मी वाट पाहत होतो त्या गुणगुणण्याची. नाही आलं. पुढे फिरवलं, दशरथ पडला होता तिथपर्यंत आणि त्याच्याही पुढे. लोखंड चूप. पाणी पाण्यासारखं वाजत होतं, बाकी काही नाही.

तेव्हा मला समजलं का चाक हलकं जाऊन राहिलं.

ते चाक पुरात एकट्याने सहज फिरत नसे, दम लागून छाती फुटायची. आणि ते माझ्या हातात असं फिरत होतं जसा कोणी समोरून हात लावला आहे. मी म्हटलं, मास्तर, सोडा, मी करतो. मास्तर मागून म्हणाले, मी कुठं काय धरलं. मी वळून पाहिलं. त्यांचे दोन्ही हात दांड्यावर होते. मी माझा एक हात काढला. चाक त्याच चालीने फिरत राहिलं. मी दुसराही हलका केला. चाक फिरलं, अर्धा फेरा, आणि मग थांबलं, माझी वाट पाहत असल्यासारखं.

मास्तरांनी ते पाहिलं. पुढे आले, मला बाजूला केलं, स्वतः चाक धरलं. फिरवलं. थांबवलं. फिरवलं. त्यांचा चेहरा मी आजही विसरलो नाही. भीती नव्हती. टाक्यापाशी खाली बसले होते तेव्हाचा तो चेहरा.

"हे उलटं आहे, सुखदेवभाऊ," ते म्हणाले. "पाणी चढलं, भार वाढला. हे जड व्हायला पाहिजे."

मी म्हटलं, "मी आन् दशरथ असंच फिरवायचो. मी या बाजूनं, तो त्या बाजूनं."

 समोरच्या बाजूला, जिथं कोणी नव्हतं, तिथं पाहत आम्ही दोघांनी मिळून दरवाजा पूर्ण उघडला. वस्ती वाचली. ताटल्या हालल्या नाहीत, कौसल्याने सांगितलं.

मी त्या चाकावर पुढे किती तरी पावसाळे काढले. बाया दर उन्हाळ्यात नेसवत राहिल्या, कोणी अडवलं नाही. चाक पुन्हा जड झालं, तसं असायला पाहिजे तेवढं. फक्त मोठा पूर आला का हलकं व्हायचं. मी कोणाला बोललो नाही. मी तिकडच्या बाजूला पाहत नव्हतो.

पाणी उतरल्यावर मास्तर निघाले. आम्ही दोघं त्यांना सौंसरच्या स्टँडवर सोडायला गेलो. नागपूरची बस लागली होती. ते खिडकीपाशी बसले. कौसल्या खिडकीखाली उभी राहिली, पदर डोक्यावर, आणि म्हणाली, मास्तर, तुमी सांगितल्याशिवाय जाणार नाही म्हणाले होते.

मास्तरांनी खिशातली हातोडी काढली, बसच्या पत्र्यावर मारायला गेले, मारली नाही. खिडकीतून तिच्या हातात दिली, थोडं धरा म्हणून.

"नाही पडणार, वैनी," ते म्हणाले. "पण काहून नाही पडणार, ते मले समजलं नाही."

ड्रायव्हरने गाडी चालू केली. मास्तर आमच्याकडे पाहत नव्हते. त्यांनी दोन्ही हात पुढे धरले, रिकामे, चाक धरतात तसे, आणि फिरवायला लागले. थोडं फिरवायचे, थांबायचे, बोटं उघडून पाहायचे. मान हलवायचे. पुन्हा धरायचे. शेजारचा माणूस सरकून बसला. बस वळणावर गेली तरी खिडकीत ते हात फिरत होते. कौसल्या हातोडी उंच करून मागे पळाली, मास्तर, मास्तर म्हणत. त्यांनी ऐकलं नाही. उजवा कान खिडकीच्याच बाजूला होता, तरी ऐकलं नाही.